उगवला, असं मी म्हणालो

१४ ऑक्टोबर १५३८

हॉब मिलबर्न मेला. माझ्या चाकरीतल्या डँडने मारला. माझ्या भावाच्या खुनाचा सूड पुरा झाला — आणि मला घास गिळवत नाही.

१५ ऑक्टोबर

इथे तरी खरं लिहितो. परवा तहाचा दिवस. पलीकडचे इंग्रज आणि आम्ही स्कॉट माळावर जमलो, तक्रारी मिटवल्या, बिअर प्यालो. हॉबशी हातही मिळवला मी! दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत घरी परतणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हॉबला चढली होती. तो सरहद्दीच्या नदीअलीकडेच, आमच्या बाजूला, झोपून राहिला. जागा झाला की पलीकडे जाणार, मग कसला सापडतोय!

पहाटे मी बुरुजावर. आभाळ भरलेलं, जेमतेम फटफटलेलं. डँड खाली अंगणात, घोड्यावर बसूनच. तटाआडून त्याला पूर्व दिसत नव्हती.

“धनी, उगवला का?”

अर्धा तास तरी अवकाश होता. मी म्हणालो, उगवला.

२ नोव्हेंबर

पुन्हा तहाचा दिवस. हॉबची बायको आली. नदीवर पडलेला डँडचा हातमोजा भाल्याच्या टोकावर, आणि बाई घोड्यावरून सगळ्या मेळाव्यात फिरतेय — “बघा, बघा! डँड प्रिंगलचा हात! शब्द मोडणारा हात!”

आमच्यात याहून मरण बरं. डँडचं म्हणणं, सूर्य उगवला होता. इंग्रज अधिकाऱ्याने विचारलं, “सूर्य उगवला असं कुणी सांगितलं तुला?”

डँड म्हणाला, “मलाच वाटलं.”

माझं नाव घेतलं नाही! वीस वर्षं माझ्यामागे घोडा घातलाय त्याने. मी शेजारीच उभा होतो. बुटावरचा चिखल झटकत राहिलो. सरहद्दीचा रक्षक म्हणे मी!

५ नोव्हेंबर

डँडच्या सख्ख्या भावाने त्याच्या तोंडावर दार लावलं. माझी बायको ग्रिझेल जेवताना म्हणाली, “अहो, तबेल्यात झोपतोय तो. तुम्ही एक शब्द टाकलात तर?” मी सुरव्यात मीठ कमी म्हणून तिच्यावरच डाफरलो. मीठ ठीक होतं.

११ नोव्हेंबर

हिवाळ्यासाठी गुरं कापली. सगळा वाडा जेवायला. बाकावरची डँडची जागा रिकामी, पण तिथे कुणी बसेना — विटाळ झाल्यासारखं. तो बाहेर कोरडी ओटची भाकरी चावत होता. लाज वाटते मला. त्याला खरं सांगायलाच हवं. बिचाऱ्याला अजून वाटतंय, सूर्य उगवला होता.

१२ नोव्हेंबर

सांगायला गेलो. घोड्याचा नाल बघितला आणि परत आलो. भित्रा!

१५ नोव्हेंबर, पहाट

सांगितलं. डँड खोगिराचा पट्टा आवळत होता. मान वर न करता म्हणाला, “ठाऊक आहे, धनी. नदीवर ढग फाटले होते. शुक्राची चांदणी लख्ख दिसत होती.”

“मग मागे का नाही फिरलास?”

“तुम्ही उगवला म्हणालात ना.”

माझा उजवा हातमोजा घेऊन हॉबच्या बायकोकडे निघालोय — भाल्यावर डँडचा नको, हा लाव म्हणायला. तहाचा दिवस नाही. पलीकडे कुणीही मारू शकतं. डँडला सोबत येऊ नको म्हटलं. तरी त्याने दोन घोडे तयार केले. “धनी,” म्हणाला, “या वेळी उगवू द्या नीट.”

थांबलोय.