‘ठोका’चं न कापलेलं रेकॉर्डिंग

अंबड, नाशिक
८ फेब्रुवारी २०२६, रविवार

प्रिय भारत,

सप्रेम नमस्कार. आईंनाही माझा नमस्कार सांग. देवळ्याला कांदा काढायला आला असेल. इकडे खोलीवर तुझी गादी तशीच गुंडाळून ठेवलीय. घरमालकांनी दुसरा माणूस आणू का विचारलं, मी नको म्हटलं.

तू फोन उचलत नाहीस, मेसेजवर एकच टिक दिसते. म्हणून कागद घेतला. आयटीआयनंतर पहिल्यांदाच एवढं लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

बातमी कळलीच असेल. आमच्या ‘लोखंड’ ग्रुपचं ‘ठोका’ हे गाणं शुक्रवारी आलं. तेजस्विनीचा आवाज, ओमचा कीबोर्ड आणि खाली तुझ्या पत्रा दाबायच्या प्रेसचा ठोका. कॉलेज रोडला पोरं गाडीत लावून फिरतायत. तेजस्विनी म्हणते, नाशकात असलं इलेक्ट्रोपॉप कुणी केलंच नव्हतं. पुण्याच्या एका कार्यक्रमाचं बोलावणंही आलंय. मी मात्र ते अजून एकदाही पूर्ण ऐकलेलं नाही.

ऐकवत नाही रे. शेवटच्या कडव्याआधी सगळं थांबतं आणि एकटी प्रेस वाजते. लोक नेमके तिथेच नाचतात. त्याच्या पुढचं आम्ही कापलंय. का कापलंय ते तुला माहीत आहे.

मंगळवारी कंपनीत तुझी चौकशी आहे. कामगाराने स्वतःच्या मर्जीने प्रेसची जाळी काढली, असं सुपरवायझरने अहवालात लिहिलंय. तो मान्य झाला तर तुझी नोकरी जाईल आणि भरपाईही मिळणार नाही. कॅन्टीनमध्ये सगळे म्हणतात, भारतनेच तर कबूल केलंय! मी खाली मान घालून जेवतो.

आता लिहितोच. सतरा नोव्हेंबरला जेवणाच्या सुट्टीत बाकीची मशीन बंद होती, म्हणून आवाज स्वच्छ येणार होता. रेकॉर्डर मी डब्याच्या पिशवीतून आत आणला. तू प्रेस चालवलीस आणि खूश होऊन ओरडलास, "लय भारी वाजतंय, शेखऱ्या! माझं नाव टाकशील ना गाण्यात?"

पण हात आत जाऊ नये म्हणून लावलेली ती जाळी खडखडत होती. रेकॉर्डिंगमध्ये किरकिर येत होती. मी म्हटलं, जाळी काढ. तू म्हणालास, "नाय रे, हात जाईल." मी म्हटलं, "दोन मिनिटांत काय होतंय, घाबरट!" तू काढलीस. पत्रा सरकवत होतास, तेवढ्यात मी हाताने खूण केली, अजून जोरात. तू माझ्याकडे बघितलंस.

दोन बोटं गेली. उजव्या हाताची.

हॉस्पिटलात साहेबांनी विचारलं, जाळी कुणी काढली? तू म्हणालास, "मीच." मी पलंगाशेजारी उभा होतो आणि सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिलो. मला स्वतःची किळस येते, भारत. गाण्याखाली सगळ्यांची नावं आहेत, तुझं नाही. लोक विचारतील म्हणून मीच खोडलं.

ओम मला म्हणतो, आता बोललास तर गाणं उतरवावं लागेल आणि तुझीही नोकरी जाईल. तेजस्विनी आधी रडली, मग म्हणाली, तुझं तू बघ. काल पिंपळगावला मनीषाताईंकडे गेलो. तुझ्या थोरल्या बहिणीला हे माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. सगळं ऐकून त्या माझ्यापुढचा पाण्याचा ग्लास तेवढा उचलून आत गेल्या. बऱ्याच वेळाने दारात येऊन म्हणाल्या, "लिहून द्या. सोमवारी देवळ्याला जातेय." आजवर मला ‘अरे शेखर’च म्हणायच्या.

त्यांच्याकडेच हे पाकीट देतोय. आत पेन ड्राइव्ह आहे, न कापलेलं रेकॉर्डिंग. माझा आवाज स्पष्ट आहे, ‘घाबरट’सुद्धा. तू ते ऐकू नकोस, साहेबांना ऐकू दे. मंगळवारी दहाला मी गेटवर असेन. ऐनवेळी कच खाईन अशी मलाच माझी भीती वाटते, म्हणून हे सगळं तुझ्या हातात देतोय. मी आलो नाही तर हे पत्र साहेबांच्या टेबलावर ठेव. खाली पूर्ण नाव लिहिलंय.

तुला जाळी काढायला लावणारा,
शेखर सावळीराम विधाते
क्वालिटी विभाग, पहिली शिफ्ट