ओट्यावर सांगितलेले सिनेमे

आबा,

परवा रविवारी शेजारच्यांच्या टीव्हीचा आवाज गेला. सिनेमा अर्धा झाला होता. चित्र दिसत होतं, शब्द एकही नाही. जमलेल्या बायकांनी गिल्ला केला. एक म्हणाली, "बंद करा तो डबा, मुकं चित्र काय बघायचं?" दुसरी म्हणाली, "असू दे गं, हिरोचा शर्ट बघू. तीन गाणी झाली, अजून बदलला न्हाय." मी बघत राहिले. सासू सुनेला निरोप देत होती. तोंडभर हसत होती, आणि हाताने पदराचं टोक पिळत होती. आवाज असता तर मी तिचं बोलणं ऐकलं असतं, हात पाहिला नसता. मग मला तिथे बसवेना. घरी येऊन हे लिहायला घेतलं.

तुमचे कान कापड विणणाऱ्या लूमने नेले होते. कारखान्यात त्यामुळे काही अडत नसे, त्या खडखडाटात सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलायचे. चाळीत मात्र तुम्ही ते कोणाला कळू दिलं नाही. सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला दुपारचा खेळ बघायला न्यायचात आणि संध्याकाळी ओट्यावर तो सिनेमा सांगायचात. आई गेल्यानंतर आपल्या दाराशी माणसं जमायची ती तेवढ्यासाठीच. पलीकडची काकू भाजी निवडत बसली आहे, पोरं पायरीवर, आणि तुम्ही उभे राहून सांगताय, "चोर हाय तो, पन त्याचं हात बघा. दोन दिस जेवला न्हाय." पडद्यावरचे ओठ तुम्हाला नीट वाचता येत नसत; तो चोर भलतंच काही बोललेला असे. तुमची गोष्ट वेगळीच व्हायची, आणि ती ऐकताना काकूची भाजी तशीच राहायची.

मी सातवी पास झाले होते, वाचनालयातून पुस्तकं आणून वाचत होते. खरं काय आणि खोटं काय, हे आपल्यालाच कळतं असं मला वाटायचं. त्या संध्याकाळी तुम्ही सांगत होता, की पळून गेलेली मुलगी परत येते आणि बाप उंबऱ्यावर उभा राहून तिला माफ करतो. मी मध्येच म्हणाले, "असं न्हायच मुळी. बाप तिला म्हणतो, तू मला मेलीस. आबांना ऐकायला येत न्हाय."

मग कोपऱ्यातल्या खोलीतला कारागीर म्हणाला, "चाचा, फिर तो आपका आधा टिकट लगना चाहिए!" त्यावर हशा पिकला. तुम्हीही हसलात, जरा उशिरा, त्यांची तोंडं बघून. मग माझ्याकडे वळलात. "काय म्हनलीस, पोरी?" मी तेच पुन्हा म्हणाले. या वेळी तुम्ही माझे ओठ बघत होता.

तुम्ही रागावला नाहीत. खाली बसलात आणि म्हणालात, "मंग तू सांग. तू शिकलेली हायस."

पुढे मीच सांगू लागले. शब्दाला शब्द बरोबर असायचा, तरी काकू एकदा म्हणालीच, "तुझ्या बापाचं ऐकायला बरं वाटायचं गं." हळूहळू तुम्ही मध्येच उठून आत जायला लागलात. मग खेळ बघायला येणंही सोडलंत. लोकांना वाटलं, म्हातारा कंटाळला.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. माझे हे गेले, त्याआधी वर्षभर त्यांनाही ऐकू येत नव्हतं. मी समोर बसायचे, उजेड माझ्या तोंडावर येईल अशी, आणि सावकाश बोलायचे. शेजारणी म्हणायच्या, किती जीव लावतेस. मी मान खाली घालायचे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. तुम्ही कंटाळला नव्हता. काकूचं ते बोलणं लागलं, तेव्हापासून मी सिनेमा सांगताना तुमच्याकडे पाठ करून उभी राहायचे. चुकून नाही, मुद्दाम. एकदा तुम्ही जागा बदललीत, माझ्या समोर येऊन बसलात. मी पुन्हा वळले.