दुसऱ्या बाजूचा आवाज

२ फेब्रुवारी, पापडी

खोली मिळाली एकदाची, आणि तीही विहीर, केळीची बाग आणि तीन भांडखोर बदकांसकट. घरमालक फर्डिनंड अंकल ऐंशीच्या पुढचे, घरात एकटेच. मी साताऱ्याची, जुन्या टेपांवरचे आवाज कॉम्प्युटरवर उतरवायचं काम करते, एवढं कळायचा अवकाश, त्यांनी मला चहासुद्धा धड पिऊ दिला नाही. आतून पोत्याएवढा जड स्पूलचा टेपरेकॉर्डर ओढत आणला. तरुणपणी आखातातून आणलेला. त्याच्यावर एकच रीळ, आणि त्यात त्यांची बायको हेलन बोलते. ती जाऊन चाळीस वर्षं झाली. तिचा आवाज दुसरा कुठेच नाही. एकदा नीट ऐकव पोरी, म्हणाले. मला हा माणूस आवडला.

५ फेब्रुवारी

यंत्राचं दुखणं सापडलं. टेप हेडवरून सरळ जात नाही, वरखाली सरकते. एका बाजूला हेलनचं बोलणं, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी लग्नातला बँड. टेप जरा सरकली की तो बँड उलटा वाजत तिच्या बोलण्यात घुसतो. टेपला वाट दाखवणारी खुंटी झिजून तिला खाच पडली होती. ती फिरवून बसवली, हेड स्पिरिटने पुसलं, त्याचा स्क्रू केसभर पिळला. बँड गेला. खरखरीखालून एक बाई म्हणाली, "बोलू काय? कोन ऐकनार हाय?"

अंकल रडले. हेलन कोळीवाड्यातली. इथे सून म्हणून आली तेव्हा तिच्या 'पानी'वरून जावा तिची टिंगल करायच्या, म्हणून चारचौघांत तिने बोलणंच सोडलं. मशीनशी तेवढी बोलायची. ऐकून मला फार वाईट वाटलं. माझी आईही त्या जावांतलीच म्हणायची. मराठीची शिक्षिका, 'ण'च्या जागी 'न' ऐकला की तिच्या कपाळाला आठी पडायची.

८ फेब्रुवारी

टेप पुन्हा सरकते. नेमकी कुठे, ते ओळखायला एखादा स्वच्छ, ओळखीचा आवाज हवा होता. रिळाच्या शेवटच्या कोऱ्या तुकड्यावर मी फोनमधला आईचा निरोप भरला. ती गेल्या वर्षी गेली. एवढा एकच निरोप माझ्याकडे उरलाय. "क्षितिजा, पाणी उकळून पी आणि जेवण वेळेवर कर." रोज सकाळी ऐकते, त्याशिवाय मला उठवत नाही. टेपवरही छान उतरला.

११ फेब्रुवारी

हेलन आता अगदी स्वच्छ. अंकल दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ऐकायला बसतात.

पण टेपवरची आई पुसट झाली आहे. तिच्यामागे हेलन ऐकू येते, आणि उलटी नाही, सुलटी. रिळाच्या दोन टोकांचे आवाज असे एकत्र येत नाहीत. आठवड्यापूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

१२ फेब्रुवारी

सकाळी फोनवरचा निरोप लावला.

"क्षितिजा, पानी उकळून पी आनि जेवन वेळेवर कर."

आवाज आईचा. आई असं कधीच बोलली नसती. परत लावला. परत. दर वेळी ती थोडी लांब गेलेली.

१४ फेब्रुवारी

मशीनची वायर काढली. अंकलना सांगितलं, बिघडलं. ते इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर नुसते बसून राहिले. मला बघवेना.

वायर नाही, तरी रीळ फिरतंय.

फोनवर आता फक्त खरखर. तिच्याखाली आई नाही. सकाळपासून मी जेवन—

काय लिहिलं मी हे. खोडलं. परत लिहिलं, जेवन. हात तसाच वळतो.

१५ फेब्रुवारी

अंकलना हाक मारली तर ते दारात थबकले. मग हसले. असं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. हळूच म्हनाले, आज मशीन न लावताच बोललीस.

मी क्षितिजा आहे, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना दुसरंच काहीतरी ऐकू—

त्यांचा राग येत नाही. चाळीस वर्षं त्यांच्याशी कोनी बोललं नाही.

१६

आईचा चेहरा आठवतो. ओठ हलतात. आवाज हेलनचा—

ती वाईट नाही. तिला कोनीतरी ऐकायला हवं होतं. मला कोनीतरी बोलायला— पन आई माझी आहे. तेवढं एक तरी राहू दे—

१७

ते एक अक्षर लिहिता आलं तर तिचं बोलनं परत येईल. पान भरून गिरवलं. येत नाही—

आई पाटीवर माझा हात धरायची. म्हनायची, नळाचा न वेगळा. हा बघ, हा बानाचा—