घरपोच मत

५ मार्च, बुधवार

आईच्या मतदानाचं काम मार्गी लागलं! खूप वय झालेल्यांचं मत आता घरी येऊन घेणार आहेत. तीन जिने, वॉकर, उन्हातली रांग – सगळं टळलं. "इथं सही कर" म्हटलं, तिनं केली. कशावर, ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. म्हटलं, गंमत करू.

संपादकांचा फोन आला, नेमका त्याच विषयावर. "सोय वाढली की मतदान वाढतं का – छोटंसं टिपण द्या. वाढतं, असंच लिहा. फार खोलात जाऊ नका, मॅडम." आई सोडली तर दिवसभरात माझ्याशी बोललेला तो एकटाच माणूस.

७ मार्च

दूध घरी येतं, औषधं घरी येतात, माझं काम घरातूनच. आणून देणारे आता बेलही वाजवत नाहीत, पिशवी दाराशी ठेवून जातात. संध्याकाळी लक्षात आलं – आज मी चपलाच घातल्या नाहीत.

९ मार्च, रविवार

आईनं ठेवणीतली निळी शाल काढायला लावली. "ऊन दाखव तिला. पुढच्या रविवारी मतदानाला लागेल."

तेव्हा सांगितलं. वाटलं, खूश होईल.

"मत म्हणजे काय दूध आहे, घरपोच यायला?"

मला हसू आलं. तिला नाही.

"तिकडे ती येणार. मी दिसले नाही तर तिला वाटेल, मी मेले."

ती म्हणजे मावशी, आईची धाकटी बहीण. आजोबांचं घर विकलं तेव्हापासून दोघींचा अबोला. मी तेव्हा कॉलेजात होते. पण मतदान केंद्र एकच – पलीकडची शाळा. दर निवडणुकीला दोघी फाटक उघडायच्या आधी हजर. मागेपुढे उभ्या, एक अक्षर न बोलता. आईचं मत एका बाजूला, मावशीचं हटकून दुसऱ्या. "तिचं मत खोडायला जाते मी," आई म्हणायची.

आणि इतकी वर्षं मी याला भांडण समजत होते.

१० मार्च

निवडणूक कचेरीत जाऊन आले. एकदा घरचं मतदान मागितलं की केंद्रावर मत देता येत नाही. "अहो ताई, लोक सोय मागायला येतात. तुम्ही परत करायला आलात!" साहेब हसले. नियम हसला नाही.

आई माझ्याशी बोलत नाही. जेवताना फक्त भांड्यांचा आवाज. अबोला धरण्यात ती पक्की मुरलेली आहे. पण ह्या घरात आम्ही दोघीच – मी कुणाशी बोलू?

१२ मार्च

पथक आलं. पेटी, पुठ्ठ्याचा आडोसा, सगळा सरंजाम. आतल्या खोलीतून आई, खणखणीत आवाजात – "मी घरी नाही म्हणून सांग!"

पथकातल्या बाईंनी हसू दाबलं. "आजी, आम्ही पुन्हा एकदा येऊ हं."

"तेव्हाही नसेन!"

खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका मात्र खूश. दोन निवडणुका हुकल्या होत्या त्यांच्या, अंथरुणाला खिळल्यापासून. मत देऊन झाल्यावर म्हणाले, "मेल्यावर कुणीतरी माझ्या नावानं देण्यापेक्षा हे बरं!" तेही खरंच आहे.

१४ मार्च

पथक पुन्हा आलं. ती तेव्हाही नव्हती.

१६ मार्च, रविवार

एकटीच गेले. मावशी फाटकाशी, काठी टेकून. किती वाकली आहे! मागून येणाऱ्यांना पुढे सोडत होती. "जा तुम्ही. माझं माणूस यायचंय."

मला पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं. चेहरा पांढराफटक.

"आहे ना गं ती?"

"आहे, मावशी. घरी आहे. मत नाही देणार या वेळी." माझा सगळा शहाणपणा सांगून टाकला.

तिनं काठी उचलली. "मग मी खोडू कुणाचं?" म्हणाली, आणि रांगेतून बाहेर पडून चालू लागली. दोनदा हाक मारली. थांबली नाही.

माझं मत देऊन आले. आईला सगळं सांगितलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं. शाल खुर्चीवर तशीच.

१७ मार्च

टिपणाचं पहिलं वाक्य – 'सोय केली आणि आमच्या घराण्यातली दोन मतं घटली.' पुढे शिंपीकाकांचं लिहायला हवं, नाहीतर ते अर्धंच खरं. जमत नाही. कागद बाजूला सारला. खिडकीतून रस्ता बघत बसले. ओळखीचं कुणी गेलं नाही.

१९ मार्च

भर दुपारी बेल. वाजवतं कोण हल्ली! दारात मावशी – तीन जिने चढून, धापा टाकत, खोकत. मी तोंड उघडायच्या आत आतून आवाज – "मी घरी नाही म्हणून सांग तिला!"

मावशीनं दाराजवळचं स्टूल ओढलं आणि बसली. "असू दे. येईल तेव्हा येईल. तिच्यासाठी थांबायची सवय आहे मला."

आत वॉकर सरकला.