यादीतून गेलेलं कार्ड

चांगह्वा,
२१ एप्रिल, रविवार

चि. पो-लिन यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, तूही काओश्युंगला बरा असशील. बाबांचा गुडघा हिवाळ्यात धरला होता, आता जिना चढतात. मागच्या अंगणातल्या पेरूला या वर्षी फळ कमी आहे. समोरचं नूडलचं दुकान बंद झालं, तिथे आता चष्मेवाला आलाय.

मोबाइलवर पाठवलेलं तू वाचतोस, तेवढं मला दिसतं. पण हे त्या चौकटीत मावण्यासारखं नाही, आणि सोबत एक वस्तूही पाठवायची होती. म्हणून पोस्टानं.

लॅपटॉपचं कळवायचं होतं. आपल्या लॅबमधला तोच, दातांचे आराखडे करायचा. नऊ वर्षांचा झाला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी आराखड्यांचा प्रोग्राम उघडेना. 'योग्य ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही' एवढं सांगायचा आणि मिटायचा. बाकी सगळं चालू होतं. स्कॅनर चालू, पडदा स्वच्छ, पत्रं येत-जात होती. मदतीच्या क्रमांकावरच्या मुलीनं मला उपकरणांची यादी उघडायला लावली. तिथे एरवी दोन नावं असतात, एक मशीनच्या पोटातल्या साध्या कार्डाचं आणि दुसरं मोठ्या कार्डाचं. दुसरं नाव नव्हतंच.

ती म्हणाली, लपलेली उपकरणं दाखवा. दाखवली. नाव आलं, पण फिकट, जसं मागे कधीतरी इथे होतं एवढीच नोंद. मग जुना ड्रायव्हर काढून टाकला, नवा घातला. नवा म्हणाला, घालायला कार्डच नाही. वायर काढली, बॅटरी काढली, बटण मिनिटभर दाबून धरलं, परत सुरू केलं. सुरू होतानाच्या निळ्या पानावरही पाहिलं. तिथेही नाही. तू असतास तर हे सगळं अर्ध्या तासात केलं असतंस. मला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत डॉक्टर चान यांच्या रुग्णांसाठी दातांच्या चार कॅप मी मेणातून हातानं कोरल्या, बाबांनी शिकवल्या तशा. जमल्या.

चौथ्या दिवशी स्टेशनमागच्या म्हाताऱ्या हुंगकडे नेला. तो अजून तसाच आहे, तोंडात दातकाडी, पायांत सपाता.

"मालकीणबाई, हा लॅपटॉप आहे की तुमचा आजोबा?"

म्हटलं, "आजोबा असता तर घरी बसवला असता. याला कामावर पाठवायचंय."

त्यानं तळाचे स्क्रू काढले आणि पंखे बाहेर घेतले. आपल्या मशीनला मागच्या बाजूनं गरम हवा जायला दोन जाळ्या आहेत, डावी आणि उजवी. डावी बऱ्यापैकी मोकळी होती. उजवीच्या आत धुळीचा थर, चपलेच्या तळव्याएवढा जाड. बाहेरून जाळीचं प्लास्टिक थोडं आत वाकलेलं, आणि त्यावर हिरवा रंग चिकटलेला. हुंगनं तो नखानं खरवडला, भिंगाखाली धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"याच्यामागे काय ठेवायचात?"

मी सांगितलं. तुला माहीत आहेच. हिरवं पाकीट. नारळाच्या चवीचा तो कुरकुरीत खाऊ, नावाचा अर्थच 'शहाण्यासारखा वाग', म्हणून मशीनजवळ सगळेच ठेवतात. हुंगच्या स्वतःच्या काउंटरवरही एक होतं. आपल्याकडे ते नेहमी मीच बदलायचे. हिरवंच हवं, तारीख उलटलेली चालत नाही, कुणी फोडून खायचं नाही, हे सगळं मी कसोशीनं पाळलं. वर ठेवलं की घसरायचं, म्हणून मशीन आणि भिंत यांच्यामध्ये उभं खोचायचे, उजवीकडे. चांगलं फुगलेलं पाकीट निवडून.

हुंग इतका हसला की दातकाडी खाली पडली. "म्हणजे शहाण्यासारखा वाग म्हणायचं आणि नाक दाबून धरायचं! मालकीणबाई, अहो, आमच्याकडे ते समोर ठेवतात. मशीनला दिसेल असं."

"किती दिवसांत असं होतं?" मी विचारलं.

"दिवसांत नाही. वर्षं लागतात. चिप तापते, गार होते, परत तापते. खालचे टाके सुटत जातात. आधी मशीन मधेच बंद पडायला लागलं असेल. दोनेक वर्षांपूर्वी?"

मी हो म्हटलं. मग आणखी एक विचारलं. यावर कुणी रोज गेम खेळलं असेल, त्यानं झालं असेल का?

"यावर?" तो म्हणाला. "हे कार्ड नकाशे-आराखड्यांचं आहे. यावर खेळायला बसलेला पोरगा पहिल्याच लढाईत मरायचा. आणि खेळ आहेत कुठे? डिस्क बघितली मी. नुसत्या दाढा."

बाहेर आले आणि स्कूटर कुठे लावली ते बराच वेळ आठवेना.

निघण्याआधी त्यानं दोन वाटा सांगितल्या होत्या. एक, नवीन मशीन. दुसरी, चिपला गरम हवेनं शेकायचं, टाके पुन्हा धरले तर धरले. "आठवडा चालेल, महिना चालेल, नाहीतर आजच राम म्हणेल," असं म्हणाला. मी शेकायला सांगितलं, कारण तू बनवलेले दातांचे नमुने त्या प्रोग्रामशिवाय उघडत नाहीत आणि बाहेर काढताही येत नाहीत. शेकल्यावर यादीत दोन्ही नावं आली. एकोणीस दिवस राहिली. २ एप्रिलला दुसरं परत गेलं.

त्या एकोणीस दिवसांत, काम आटोपलं की रोज तास-दीड तास बसून तुझे सगळे नमुने मी एकेक करून नव्या मशीनवर उघडतील असे काढून घेतले. चारशे बारा दात. दोन वर्षांपूर्वी लॅब सोडून गेल्यावर तू मागितले होतेस आणि मी लिहिलं होतं की ते लॅबचे आहेत. ते लॅबचे नाहीत. कोपऱ्यातल्या किराणावाल्याचा सुळा, बाबांची झिजलेली दाढ, शाळेतल्या बाईंचे पुढचे दोन, सगळे तू लोकांच्या तोंडात बघून बनवलेस. सोबतच्या छोट्या डिस्कमध्ये सगळे आहेत. मी माझ्यासाठी प्रत ठेवलेली नाही.

आता छिंगमिंगचं. ४ तारखेला नेहमीप्रमाणे डोंगरावर गेलो, आजी-आजोबांच्या थडग्यावरचं गवत काढलं, कागद जाळला. मग शेंगदाण्याचं कूट घातलेल्या गुंडाळ्या खायला सगळे सावलीत बसले. मी म्हटलं, मला एक सांगायचंय. दोन वर्षांपूर्वी नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला याच सगळ्यांसमोर मी म्हणाले होते की पो-लिननं लॅबच्या मशीनवर गेम खेळून ते बिघडवलं. ते खोटं होतं. मशीन माझ्यामुळे गेलं. आणि पाकिटाचं सांगितलं.

धाकटे काका म्हणाले, "अगं, पूर्वजांसमोर मशीनचं काय घेऊन बसलीस? खा."

काकू म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं. तो पोरगा पत्त्यातसुद्धा लबाडी करत नाही."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?" काका.

"तुम्ही बोलू देता का?"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. हातातली गुंडाळी त्यांनी परत ताटात ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं मी त्याला फोन केला नाही, तो कशासाठी?"

 

एक गोष्ट मी डोंगरावर सांगितली नाही. ती इथे लिहिते, कारण ती तुझी आहे. तेव्हा माझ्याकडे पुरावा एवढाच होता की मशीन मधेच बंद पडायचं आणि सकाळी गरम लागायचं. खात्री नव्हती, आणि खात्री नाही हे बोलतानाही मला कळत होतं. पण त्याच आठवड्यात डॉक्टर चान मला म्हणाले होते, 'आता मोठी कामं तुमच्या भावाकडेच द्या, त्याचे दात पहिल्या खेपेला बसतात.' चांगल्या मनानं म्हणाले. बावीस वर्षं मी त्यांचं काम करत होते. जेवणाच्या टेबलावर तू त्यांना आवडलेल्या कॅपचं सांगायला लागलास आणि माझ्या तोंडून ते निघालं. तू फक्त म्हणालास, "ताई, मी त्यावर दातांशिवाय काही केलेलं नाही." मी भात वाढत राहिले.

त्या टेबलाशी माझ्याशिवाय दहा माणसं होती. आठ जण डोंगरावर होते. आत्या आता लेकीकडे थाओयुआनला असते, तिला फोनवर सांगितलं. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे तीनदा ओरडून सांगावं लागलं आणि तिच्या शेजाऱ्यांनाही कळलं. दहावा तू.

पो-लिन, ते तू केलेलं नाहीस. मी केलं, आणि तुझ्या नावावर घातलं.

परत ये असं म्हणत नाही. तिथे तुझं बस्तान बसलंय असं ऐकते. बाबा मात्र पुढच्या रविवारी सकाळी अकराला तुला फोन करणार आहेत. काय बोलायचं ते त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय आणि रोज त्यातलं काहीतरी खोडतात. त्यांचा फोन उचल. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी.

उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिणार होते, पण आणखी एक खोटं नको.

तुझी अपराधी,
ली-छिन