थोडी जाग, लांब झोप

लखनौ, १२ डिसेंबर १९९६
विनयचा स्कॅन आला. गाठ मेंदूत, डावीकडे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर काही वर्षं मिळतील, पण बोलणं बहुधा जाईल. नाही केलं तर उन्हाळ्यापर्यंत. रिक्षानं हजरतगंजपर्यंत आलो. मग म्हणाला, "सुमा, मूंगफली घेऊ?" घेतली.

१५ डिसें.
ऑपरेशन नको म्हणतो.
आणि हाच माणूस इतकी वर्षं विद्यापीठात पोरांना शिकवतोय, सगळे तारे विझले, विश्व गार पडलं, तरी विचार करणारे जीव टिकतील! कसे? विचार हळू करायचा, ऊब पुरवून पुरवून वापरायची, थोडं जागायचं, मग युगंच्या युगं झोपायचं. मी बँकेतली बाई, मलासुद्धा पाठ झालंय.
म्हटलं, "मग तू का नाही तसा राहत? हळू, गप्प. पण राहा ना."
"माझ्या गणितात त्यांना कुणाशी बोलायचं नव्हतं गं."

२२ डिसें.
धुकं. मुक्ताची दिल्लीची गाडी फार लेट. आल्या आल्या बापाशी भांडली, नेहमीसारखी हिंदीत. "आपको शब्द चाहिए, बाबा. हमें आप चाहिए."
"तुझं नाव विसरून नुसता तुझ्याकडे बघत बसू?"
"हाँ. बैठिए."
मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर रडली. माझ्या हातात अर्धवट चिरलेली मेथी.

३० डिसें.
जेवताना त्याला 'मीठ' आठवेना. "ते... समुद्राचं." हसलो दोघं. हसून झालं तरी हात सोडेना माझा.

४ जाने. ९७
सकाळी चहा घेताना फिट आली. हॉस्पिटल. शुद्ध नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आजच, नाहीतर राहू द्या. संध्याकाळच्या आत सांगा.
मुक्ता म्हणते, "आई, हाँ बोल दो ना."
त्याचं 'नको' ऐकलंय मी. स्पष्ट होतं. पण तेव्हा तो बोलत होता, भांडत होता. आता आत कुठे काय चाललंय, त्याला अजूनही नकोच आहे का, कोण सांगणार
त्याचे पाय बर्फ झालेत. चोळत बसलेय. जरा ऊब येते, हात काढला की पुन्हा गार. डॉक्टर येतीलच. काय सांगायचं, ठरलेलं नाही.
चोळतेय.