मगरिबनंतरचे तीन तास

मी, डॉ. सफिनाझ रिफअत अल्-मनसी, वय वर्षे एकाहत्तर, चेताविज्ञानाची निवृत्त प्राध्यापिका, राहणार अलेक्झांड्रिया, क्लिओपात्रा वस्ती, तिसरा मजला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणावाचून आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे मन ठिकाणावर आहे. ते सुखात आहे असा माझा दावा नाही. चाळीस वर्षे मी उदासीवर संशोधन केले, त्यामुळे उदास माणूस आणि भ्रमिष्ट माणूस यांतला फरक मला कळतो. न्यायालयानेही तो समजून घ्यावा. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती भित्रेपणाने लिहिली होती.

कलम एक. माझे दफन साधे करावे. मंडप आणि ध्वनिक्षेपक नको. लोकांना बिनसाखरेची कॉफी द्यावी, पण ती नीट उकळलेली असावी. माझ्या नवऱ्याच्या वेळी जी दिली ती तोंडात धरवत नव्हती, आणि त्या दिवसाचे मला तेवढेच आठवते.

कलम दोन. आपल्या कायद्याप्रमाणे माझ्या मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्साच माझ्या मर्जीचा आहे. उरलेल्यातले निम्मे माझी मुलगी लमीस हिला आणि निम्मे माझा सख्खा भाऊ मिधत याला जाईल. मिधतला मी काहीही देत नाही, कायदा देतो, याची त्याने नोंद घ्यावी. आईच्या दफनाच्या दिवशी पाहुणे उठायच्या आत त्याने तिचे शिवणयंत्र मोटारीत घालून नेले. त्याच्या घरात शिवणारे कोणी नाही.

कलम तीन. लमीसला तिच्या वाट्याखेरीज माझे दागिने आणि तिच्या वडिलांची पत्रे द्यावीत. ती सोळा वर्षांची असताना मला म्हणाली होती, "आई, तुझ्या अंगाला उंदरांचा वास येतो, आणि बोलतेस मात्र त्यांच्याहून कमी." त्यावर मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही, म्हणजे तिचेच म्हणणे खरे केले. पोरी, मला माफ कर.

कलम चार. माझा सूक्ष्मदर्शक मुलींच्या कोणत्याही सरकारी शाळेला द्यावा. आमच्या विभागाला देऊ नये. तिथे यंत्रे धूळ खायला ठेवतात आणि वर प्लास्टिकची फुले ठेवतात.

कलम पाच. माझा जो एक तृतीयांश, तो सारा सित्त हमीदा, म्हणजे हमीदाबाई, अम्म बयूमी यांची विधवा, हिला द्यावा. ती तो घेणार नाही. दर ईदला मी तिला खजुरांची पेटी पाठवत असे आणि दर ईदला ती न उघडता परत येई. चौथ्या वर्षी नेणाऱ्याबरोबर निरोप आला की डॉक्टरबाईंनी आता दमू नये. तिने नकार दिल्यास हिस्सा तिच्या नातवंडांच्या नावे ठेवावा. ती का नाकारते ते पुढच्या कलमात आहे. ते लांबले आहे, पण वकिलांनी त्यातले एक वाक्यही गाळू नये.

कलम सहा. अम्म बयूमी, म्हणजे सगळ्यांचे बयूमीकाका, आमच्या प्राणिगृहाचे रखवालदार होते. शाळा तिसरीपर्यंत. पांढऱ्या उंदरांना ते नावाने ओळखत, आणि आम्हांला त्यांच्या पाठीवरचे आकडे वाचावे लागत.

सन २००० च्या रमजानमध्ये मी माझा मोठा प्रयोग केला. मेंदू स्वतःच एक प्रथिन तयार करतो, त्यावर त्याच्या पेशी जगतात आणि फांद्या धरतात. ताण लांबला की ते आटते, फांद्या वाळतात, आणि प्राणी कोपऱ्यात बसून राहतो, खात नाही, धडपडत नाही. हे प्रथिन बाहेरून मेंदूत सोडले तर ताणाखालीही पेशी वाचतात का, हे मला पाहायचे होते. चोवीस उंदीर होते. सगळ्यांना रोज दुपारी दोन ते रात्री आठ, एकवीस दिवस, जाळीच्या अरुंद नळीत अडकवायचे. बारांच्या मेंदूत प्रथिन, बारांच्या मेंदूत नुसते मिठाचे पाणी.

प्रथिनाचे बारा पूर्वेच्या खोलीत, अम्म बयूमींकडे. मिठाच्या पाण्याचे बारा पश्चिमेच्या खोलीत, माझा तेव्हाचा विद्यार्थी युसरी याच्याकडे. उपाशीपोटी कोणी दोन खोल्यांत धावाधाव करणार नाही म्हणून ही वाटणी मीच केली. पहिल्या वर्षाच्या मुलालाही मी अशा वाटणीबद्दल नापास केले असते. युसरी दोन वाजता नळ्या लावून उपास सोडायला घरी जाई आणि आठला येई. मीही आठला येई.

निकाल असा आला की मी खुर्चीत बसून रडले. पूर्वेच्या खोलीतल्या उंदरांच्या पेशी हिरव्यागार झाडासारख्या होत्या. निबंध मोठ्या नियतकालिकात छापून आला. मला पदक मिळाले, युसरीला पदवी.

पुढच्या रमजानच्या आदल्या दिवशी अम्म बयूमी माझ्या दारात उभे राहिले आणि सहज विचारते झाले, "डॉक्टरबाई, यंदाही मगरिबला सोडायचं ना त्यांना?"

मी विचारले, कोणाला.

"उंदरांना. पाचला सूर्य बुडून मगरिबची अजान झाली की मी नळ्या उघडतो. अहो, त्या वेळी कैद्यालासुद्धा घोटभर पाणी देतात. सगळी दुनिया सुटते आणि ह्या मुक्या जिवांनी तेवढं अडकून पडायचं, मला काही घास गेला नसता. एकेकाला खजुराचा तुकडा देतो, मांडीवर घेऊन जरा पाठीवरनं हात फिरवतो. तुम्ही यायच्या आत परत नळीत. तुमच्या कामाचा खोळंबा नको."

म्हणजे माझ्या प्रथिनाच्या बारा उंदरांना ताण तीनच तासांचा होता आणि वर माणसाचा हात होता. पश्चिमेकडच्यांना पूर्ण सहा तास, आणि कोणी नाही. पूर्वेकडच्यांच्या पेशी प्रथिनाने वाचल्या की मगरिबनंतरच्या तीन तासांनी, हे मला सांगता येत नव्हते, आजही येत नाही. शोध लागला असेल तर तो बहुधा त्या म्हाताऱ्याला लागला होता, आणि माझ्या हातात त्याचा पुरावा होता. प्रयोग पुन्हा करून मी तसे छापू शकले असते.

मी म्हणाले, "हे कुणाजवळ बोलू नका, अम्म." आणि आठवड्याच्या आत गुडघ्यांचे निमित्त काढून त्यांची बदली तळघरातल्या रसायनांच्या कोठारात करून घेतली. तिथे खिडकी नाही.

जाताना त्यांनी एवढेच विचारले, "माझ्या खजुरांनी मेले का हो ते?"

मी नाही म्हणाले, पण का पाठवते आहे ते सांगितले नाही. त्यांनी आपल्या मनाने ठरवले की जीव घेतला म्हणून शिक्षा झाली. दीड वर्षात ते बोलायचे थांबले, मग जेवायचे. सित्त हमीदा माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुमचं अख्खं आयुष्य यातच गेलंय म्हणतात. एकदा येऊन नुसतं बघा त्यांना." मी एका मनोविकारतज्ज्ञ मित्राच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. समोर गेले असते तर त्यांनी पुन्हा विचारले असते आणि मला उत्तर द्यावे लागले असते. ते २००४ च्या वसंतात गेले. दाखल्यावर हृदय लिहिले आहे. कोपऱ्यात बसून राहिलेला प्राणी मी चाळीस वर्षे पाहिला आहे, त्यामुळे तो दाखला मला पटत नाही. त्यांना मी मारले, असे मी येथे लिहून देते.

कलम सात. माझ्या निबंधावर भरवसा ठेवून दोन ठिकाणी तोच प्रयोग झाला आणि फसला. आमच्या उंदरांची जात वेगळी, असे मी उत्तर दिले. तांता शहरातल्या एका संशोधक मुलीची चार वर्षे त्यात गेली. तिचे शेवटचे पत्र मी फाडले. तिचे नाव दालिया शहबंदर. ती सापडल्यास तिला सांगावे की तिचे हात चांगले होते, चूक माझ्या निबंधात होती.

कलम आठ. माझ्या कपाटात त्या रमजानची वही आणि नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलेले पत्र आहे. निबंध मागे घ्यावा आणि पूर्वेच्या खोलीत काय झाले ते अम्म बयूमींच्या नावानिशी छापावे, असे त्यात आहे. माझ्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांच्या आत ते पाठवावे. हे काम डॉ. युसरी अत्तार, विभागप्रमुख, यांच्याकडे सोपवते. तोच निबंध पुढे करून युसरीने आठ रुग्णांवर उपचाराची परवानगी मागितली आहे. हे प्रथिन गिळून मेंदूत पोचत नाही. कवटीला भोक पाडून बारीक नळी आत सोडावी लागते. कोणत्याही औषधाने न उठलेली ही आठ माणसे आहेत आणि त्यांनी आशेने सह्या केल्या आहेत. परवानगी देणारी समिती पुढच्या महिन्यात बसते.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा असून मला मान्य आहे.

सही: सफिनाझ रिफअत अल्-मनसी
स्थळ अलेक्झांड्रिया, दिनांक १४ मार्च २०१९, दुपारी
साक्षीदार: १. निसीम ग़त्तास, औषधविक्रेता, खालचा मजला. २. डॉ. युसरी अत्तार.

पुरवणी, त्याच दिवशी, चार वाजता.

युसरीने सही करण्याआधी सगळे वाचले. कलम सहा वाचताना त्याचा चेहरा उतरला, आणि मला वाटले, आता पेन खाली ठेवील. रुग्णांचे काय, असे मी विचारले. तो म्हणाला की कागदावर जे आहे ते मृत्यूनंतरचे आहे, आणि तोवर ते आमच्या दोघांत आहे. मग कलम आठ त्याने दुसऱ्यांदा वाचले, माझ्या मृत्यूनंतर या शब्दांवर बोट ठेवले, आणि सावकाश, सुबक अक्षरात सही केली. उठताना त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"देव तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य देवो, बाई," तो म्हणाला.

इतक्या मनापासून मला हा आशीर्वाद आजवर कोणी दिलेला नाही.

सबब कलम आठ रद्द. वही आणि पत्राची प्रत मी आत्ता स्वतः समितीच्या कचेरीत नेऊन दिली आणि पोच घेतली. मूळ पत्र संपादकांना गेले. त्यावर फोन माझा आहे, पत्ता माझा आहे, आणि प्रश्न विचारायला कोणी आले तर मी घरी आहे.

सही: सफिनाझ रिफअत अल्-मनसी
साक्षीदार: निसीम ग़त्तास. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी ठेवली आहे. सित्त हमीदाकडे निरोप पाठवला आहे. ती येईल असे वाटत नाही.